आम्ही आलो तेव्हा इथे साप होते

कोथरूडमधल्या सत्तरी ओलांडलेल्या कुठल्याही गृहस्थाशी पाच मिनिटं बोला, सहाव्या मिनिटाला साप निघतो. “आम्ही आलो तेव्हा इथे काय होतं? साप होते, साप!” आमच्या सोसायटीतले नाना हे वाक्य दिवसाकाठी दोनदा तरी म्हणतात. सापाची जात मात्र समोरचा माणूस बघून ठरते. भाजीवाल्याशी बोलताना साधी धामण असते. बँकेत नवीन मॅनेजर आला की नाग. मेट्रो सुरू झाली त्या दिवशी, ६ मार्च २०२२ ला, वनाज स्टेशनच्या जिन्यात कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या एका पोराला नानांनी घोणस सांगितली, आणि ती थेट स्वतःच्या न्हाणीघरात नेऊन सोडली. घरी आल्यावर काकूंनी विचारलं, “आपल्या न्हाणीघरात कधी हो निघाली घोणस?”

“निघाली असती,” नाना म्हणाले.

साप गेले, कारण माणसं आली. नानांचा राग माणसांवर आहे. सगळ्यांवर नाही, त्यांच्यानंतर आलेल्यांवर.

नानांचे वडील गुहागर तालुक्यातून पुण्यात आले आणि मिलिटरी अकाउंट्समध्ये चिकटले. शनिवार पेठेत नदीच्या अंगाला दोन खोल्या होत्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्यानं मान टाकली आणि वाडा मातीला मिळाला. नाना तेव्हा तेरा वर्षांचे. मग सदाशिव पेठेत पुन्हा दोन खोल्या, भाडं पंधरा रुपये. “सतरा वर्षं राहिलो तिथे. मालकानं किती डोकं आपटलं! पण पंधराचे सोळा होऊ दिले नाहीत वडिलांनी. भाडेनियंत्रण कायदा होता, काय बिशाद आहे?” हे सांगताना नानांचा चेहरा लढाई जिंकून आल्यासारखा होतो. त्या मालकाचं पुढे काय झालं, हे मी एकदा विचारलं होतं. “काय व्हायचंय? वाडा पडला, त्याचा मुलगा बिल्डर झाला.”

१९७८ साली नानांनी कर्वे पुतळ्याच्या पलीकडे, तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत घर घेतलं. नोकरी किर्लोस्कर कमिन्समध्ये, सायकलवर दहा मिनिटं. पण पेठेतल्या नातेवाइकांना वाटलं, घराणं बुडालं. “आमचा बाळ गावाला राहायला गेला,” असं नानांची आत्या दहा जणांत सांगायची. एकदा ती केळवणाला आली तेव्हा येताना पिशवीतून साखर, चहापत्ती आणि मेणबत्त्या घेऊन आली होती. इथे मिळत असतील की नाही, कोण जाणे! रिक्षावाले पौड फाट्याच्या पुढे यायला तयार नसत. हे सगळं नाना इतक्या अभिमानानं सांगतात की त्या काळी कोथरूडमध्ये जे जे नव्हतं, ते नसण्याची व्यवस्था त्यांनी जातीनं केली होती असं ऐकणाऱ्याला वाटावं.

मी इथे राहायला आलो १९९४ साली. माझी मुलं इथल्याच शाळेत शिकली, माझे केस इथेच गेले. तरीही एकदा सोसायटीत आलेल्या प्लंबरला नानांनी माझी ओळख करून दिली ती, “हे तिसऱ्या मजल्यावरचे. नवीन आहेत,” अशी.

नानांची सकाळ साडेसहाला पार्किंगमध्ये सुरू होते. अंगात बंडी, हातात ओलं फडकं. समोर त्यांची बजाज चेतक, जी गेल्या कित्येक वर्षांत चालू झालेली कुणी पाहिलेली नाही. फडकं स्कूटरवर फिरत असतं आणि नजर इतर गाड्यांच्या नंबरप्लेटवर. सरकारची जनगणना लांबली तरी नानांची रोजच्या रोज होते. एमएच बारा म्हणजे पुणं, ती गाडी पास. एमएच चोवीस दिसली की, “लातूर रिकामं झालं की काय रे?” एमएच एकतीस, “नागपूर. एवढी चांगली संत्री सोडून येतात कशाला?” एमपी झिरो नाईन, “इंदूर. आता पोहे शिकवतील आपल्याला.” एमएच अकराला मात्र सवलत आहे, कारण काकूंचं माहेर वाईचं.

या जनगणनेनं एकदा घात केला. नानांचा मुलगा पुनावळ्याला राहतो. साहजिकच त्याच्या गाडीचा नंबर एमएच चौदा, पिंपरी-चिंचवडचा. गणपतीत तो बायको-मुलांना घेऊन आला, आणि आमच्या वॉचमननं त्याला फाटकातच अडवलं. हा वॉचमन बिहारचा, पण नानांच्या हाताखाली तयार झालेला, त्यामुळे बाहेरच्या गाड्यांबद्दल त्याची मतं फार कडक. “बाहर का गाडी बाहर लगाने का,” तो म्हणाला. मुलानं सांगितलं, अरे, मी नानांचा मुलगा. वॉचमन म्हणाला, “नानाजी का ही ऑर्डर है.” शेवटी उकडीचे मोदक गार होतील म्हणून काकू स्वतः खाली उतरल्या. मुलगा काही बोलला नाही. नातू मात्र जेवताना म्हणाला, “आबा, आम्ही बाहेरचे आहोत का?” नानांनी त्याच्या मोदकावर आणखी तूप वाढलं.

भाव कुणी वाढवले, याबद्दल नानांच्या मनात तिळमात्र शंका नाही. आयटीवाल्यांनी. हिंजवडीत कंपन्या आल्या, त्यांत पोरं आली, पोरांच्या हातात पहिल्याच महिन्याला पैसे आले, आणि पुण्याचा कारभार आटोपला. पूर्वी भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकायची. “हे लोक कोथिंबीर मोबाइलवरून मागवतात! दहा मिनिटांत! वर टाकणार कोण आणि कशात?” या एका प्रश्नात नानांचं सगळं अर्थशास्त्र आलं. घासाघीस न करता पैसे देतो तो माणूस त्यांच्या हिशेबी समाजाचा गुन्हेगार. १९७८ साली त्यांनी शंभर रुपयांच्या आत चौरस फूट घेतला होता, आज त्याच गल्लीत बिल्डर तोंड उघडतो ते पंधरा हजारांच्या पुढेच. “कोण देतं रे एवढे? हेच देतात ना? म्हणून मागतात!”

नानांचं तसं अगदीच चुकतं असंही नाही. मागणी वाढली की भाव चढतात, हे काही त्यांच्या मनाचे खेळ नव्हेत. कर्वे रोड संध्याकाळी ओलांडून दाखवावा कुणीही. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरुंग लावून पाडला, तो सोहळा नानांनी रात्री जागून टीव्हीवर पाहिला. “सुटलो,” म्हणाले. आता नवे पूल झाले, पण त्यांवरून कुठे उतरायचं हे त्यांना कळत नाही. एकदा पिरंगुटला जायला निघालेले नाना रिक्षानं बावधन फिरून घरी परत आले आणि रस्ता चुकल्याचं खापर, ज्यानं वाट सांगितली त्या हेल्मेटवाल्या मुलावर फोडलं. “बाहेरचा होता. त्यालाच माहीत नव्हतं.”

इतकं सगळं बोलून झालं की नाना न चुकता एक वाक्य जोडतात. “माझा वैयक्तिक काही विरोध नाही.” हे वाक्य आलं की ओळखावं, मुख्य विरोध आता सुरू होणार.

पण नानांची खरी गंमत वेगळीच आहे. त्यांच्या शेजारचा फ्लॅट १९९६ साली विकायला निघाला, तेव्हा त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून, काकूंच्या पाटल्या मोडून तो घेतला. तो फ्लॅट भाड्यानं असतो, आणि भाडेकरू, अर्थातच, आयटीवाले असतात. दुसरं कोण देणार तेवढं भाडं?

भाडेकरूची मुलाखत हा पाहण्यासारखा कार्यक्रम असतो. एजंट दोन मुलींना घेऊन आला होता तेव्हा मी योगायोगानं तिथे पेपर मागायला गेलो होतो. नाना आरामखुर्चीत. मुली सोफ्याच्या कडेला, पाठ न टेकता. गाव कोणतं, वडील काय करतात, शेती किती, आडनाव पूर्ण सांगा, मांसमच्छी करता का, अंडं तरी उकडता का, रात्री किती वाजता येता, येताना सोडायला कोण येतं. एक मुलगी लातूरची होती, एक नांदेडची. नांदेडची शांतपणे उत्तरं देत होती. लातूरची मध्येच म्हणाली, “काका, एवढं तर कंपनीनंही विचारलं नाही.” काकू आतून हसल्या. नानांनी चष्मा काढला, पुसला. मला वाटलं, संपलं. तर ते म्हणाले, “कंपनी तुम्हाला काढू शकते. भाडेकरू काढायचा म्हणजे काय असतं, तुम्हाला कल्पना नाही. आम्ही स्वतः सतरा वर्षं हललो नव्हतो.”

मुली राहिल्या. अकरा महिन्यांचा करार, संपला की दहा टक्के वाढ, हे कागदावर आणि तोंडी दोन्ही. पहिली वाढ झाली त्याच संध्याकाळी नाना कट्ट्यावर सांगत होते, “भाडी कुठे चाललीत बघा! दोन खोल्यांना एवढे पैसे? सामान्य माणसानं जगायचं कसं?” आवाजात खरी कळकळ होती. मी त्यांच्याकडे बघितलं. नाही, डोळ्यांत लबाडी अजिबात नव्हती. भाडं वाढतं ते पावसासारखं वरून, आणि आपण फक्त खाली भांडं धरतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

मुलींची ती दोन-अडीच वर्षं नानांना मानवली होती. पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. त्याचं मोबाइलवर चेहरा दाखवायचं अ‍ॅप नानांना काही केल्या जिवंत मानायला तयार नसे. “डोळे मिचकवा, काका. नाही, दोन्ही. रागानं बघू नका त्याच्याकडे.” लातूरचीनं ते करून दिलं. त्या वर्षी संक्रांतीला काकूंनी दोघींना वाण दिलं, आणि नानांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “पोरी चांगल्या आहेत हो. त्या तशा वाटत नाहीत.”

“कशा?”

“बाहेरच्या.”

सोसायटीच्या वार्षिक सभेत तर नाना दोन खुर्च्यांवर बसलेले असतात. समितीचे सदस्य म्हणून ते दरवर्षी ठराव मांडतात की, ज्यांनी घरं भाड्यानं दिली आहेत त्यांच्याकडून बिनभोगवटा शुल्क घसघशीत घ्यावं. भाडेकरू जिना खराब करतात, पाणी जास्त वापरतात, गणपतीची वर्गणी देताना किती द्यायची ते विचारतात. टाळ्या पडतात. मग खजिनदार कागद काढून म्हणतात, ठीक, नाना, मग तुमच्या शेजारच्या फ्लॅटचं बघू या. त्यावर नाना खिशातून स्वतःचा कागद काढतात. १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश. सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर बिनभोगवटा शुल्क घेता येत नाही. आदेशाच्या त्या झेरॉक्सला इतक्या घड्या पडल्यात की मधला मजकूर उडालाय, पण दहा टक्के हे शब्द अजून स्पष्ट वाचता येतात. ठराव बारगळतो. चहा येतो.

मी एकदा धीर करून विचारलं होतं. मुलगा हिंजवडीत नोकरीला, कोथरूडमध्ये घर परवडेना म्हणून पुनावळ्यात कर्ज काढून राहिला. “माझ्या मुलाला माझ्याच गावात घर मिळू नये?” असं नाना सगळ्या जगाला विचारत असतात. मग शेजारचा फ्लॅट त्याला का दिला नाहीत?

नाना बराच वेळ चेतकचा आरसा पुसत राहिले. मग म्हणाले, “कमिन्समध्ये छत्तीस वर्षं काढली. पंच्याण्णव सालच्या स्कीमचं पेन्शन किती येतं, सांगू? त्यात काकूंच्या बीपीच्या गोळ्या आणि विजेचं बिल भागतं. बँकेतल्या ठेवींचं व्याज म्हणशील तर ते दर वर्षी खाली. त्याला घर दिलं असतं तर आम्ही काय, त्याच्याकडे महिन्याला मागायचं?” थोडं थांबून, “आणि सूनबाईंना लिफ्ट हवी होती. पोहायचा तलाव हवा होता.” पुन्हा थोडं थांबून, “तलावाला पाणी टँकरचं आहे म्हणे.”

पुनावळ्यातल्या मुलाच्या सोसायटीनं मध्यंतरी कचरा डेपोच्या विरोधात मोर्चा काढला होता. नाना इथून बस बदलत तिथे गेले, हातात फलक धरून उभे राहिले. कोथरूडचा कचरा डेपो हटवायलाही ते असेच उभे होते. तो डेपो उरुळी देवाचीला गेला, आणि त्याच्या जागी आता मेट्रोचा डेपो आहे. उरुळीच्या लोकांनी तेव्हा कोणता फलक धरला असेल, असं मी विचारणार होतो, पण दमून आलेल्या माणसाला काय विचारायचं!

आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती कोथरूड गावठाणातल्या एका कुटुंबाची. त्यांतले तात्या आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. म्हातोबाच्या देवळापाशी बसलेले असतात. नाना आणि तात्या यांचं नातं विचित्र आहे. नाना त्यांना मान देतात, पण त्यांच्या समोर सापांबद्दल बोलत नाहीत. एकदा चुकून बोलले. तात्या म्हणाले, “साप व्हते की. आमच्या ज्वारीत व्हते. तुमी आला न् आमच्या ज्वारीतच घरं बांधली, मग ते जाणार कुठं?” मग मिशीतल्या मिशीत हसून माझ्याकडे वळले. “ह्ये पेठेतली मान्सं आली ना, तवा आमच्या आईला लई राग. बांधावर हुबं राहून आमाला शिस्त शिकवायची. देवाच्या उत्सवात ढोल वाजला तर चौकीत अर्ज! कुणी दिला व्हता हो अर्ज, नाना?”

नानांनी घड्याळाकडे पाहिलं आणि देवळाला एक जास्तीची प्रदक्षिणा घातली.

या सगळ्यात एक माणूस असा आहे की जो खरोखरच कोथरूडमधून बाहेर फेकला गेला, आणि त्याबद्दल चकार शब्द बोलत नाही. नानांकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी. बहात्तरच्या दुष्काळात सोलापूरकडून आईच्या कडेवर आल्या, सुतारदऱ्यात वाढल्या. तिथल्या खोलीचं भाडं झेपेना म्हणून दोन वर्षांपूर्वी शिवण्याच्या पुढे राहायला गेल्या. आता दोन बस बदलून येतात आणि उशीर झाला की नानांचं ऐकून घेतात. त्यांनी पगारवाढ मागितली तेव्हा नाना म्हणाले, “तिथेही बाहेरचे लोक आले असणार भाव वाढवायला.” मावशी पोछा पिळत म्हणाल्या, “व्हय. आमीच गेलो की.” नाना दोनशे वाढवणार होते, चारशे वाढवले. मला नंतर म्हणाले, “महागाई आहे रे.”

आणि मग रिडेव्हलपमेंट आली. गल्लीतल्या एकेक इमारतीला पत्रे लागत होते, शेवटी आमचा नंबर लागला. नाना या बाबतीत अभ्यासू. एफएसआय, टीडीआर, २०२० ची नवी बांधकाम नियमावली, रस्त्याची रुंदी, सगळं तोंडपाठ. बिल्डरबरोबरच्या बैठकीत त्यांनी टेबलावर मूठ आपटून आम्हा सर्वांना जादा कार्पेट मिळवून दिलं, कॉर्पस फंड वाढवून घेतला, पर्यायी घराचं भाडंही. बिल्डर घाम पुसत म्हणाला, “नाना, एवढं दिलं तर वरचे फ्लॅट मला किती भावानं विकावे लागतील?” नाना म्हणाले, “विका की! घेणारे आहेत. हे आयटीवाले वाट्टेल तो भाव देतात.”

अख्ख्या सभेत त्या वाक्यावर हसलं नाही असं कुणी नव्हतं, नाना सोडून. त्यांना वाटलं, आपण बिल्डरला निरुत्तर केलं म्हणून लोक हसले.

त्यानंतर सुरू झाला तो नानांच्या आयुष्यातला एक न भूतो प्रकार. त्यांना कोथरूडमध्येच भाड्यानं घर शोधायचं होतं. एजंट बीडचा एक तरुण, मोटारसायकलवर मागे बसवून त्यांना फिरवायचा. पहिल्या घरी मालकीणबाई म्हणाल्या, दोघंच आहात ना, आजारपण वगैरे काही? दुसऱ्या घरी विचारलं, पूजा-बिजा मोठी असते का, धुरानं छत काळं होतं. तिसऱ्या ठिकाणी, सत्तरीच्या पुढच्यांना देत नाही, नंतर प्रॉब्लेम होतात. कसले प्रॉब्लेम, ते त्यांनी सांगितलं नाही. नानांनीही विचारलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी ते कट्ट्यावर आले नाहीत.

शेवटी डहाणूकर कॉलनीत एक घर ठरलं. मालक परभणीचा, वय पस्तीसच्या आत, राहायला बाणेरला. त्यानं मुलाखत व्हिडिओ कॉलवर घेतली. पाहुणे किती येतात, गाड्या किती. नाना म्हणाले, “एक स्कूटर आहे.” “चालू आहे?” या प्रश्नावर नानांना आयुष्यात प्रथमच उत्तर सुचलं नाही. “सांभाळलेली आहे,” काकू पलीकडून म्हणाल्या.

करार नोंदवायला एक मुलगा लॅपटॉप आणि बोटांचे ठसे घेण्याचं छोटं यंत्र घेऊन घरी आला. खोके बांधलेले, बसायला एक सतरंजी. साक्षीदार म्हणून मी होतो. नानांचा अंगठा उमटेना. मुलगा म्हणाला, काका, पुसा. पुसला. काका, जरा ओलसर करा. केला. वयानं रेघा झिजतात काहींच्या, मुलगा समजावत होता, दुसरं बोट बघू. तर्जनी नाही, मधलं नाही. शेवटी डाव्या हाताच्या करंगळीशेजारचं बोट यंत्रानं मान्य केलं आणि नानांचं पुण्यातलं अस्तित्व सिद्ध झालं. मग पोलिसांकडच्या भाडेकरू-नोंदणीची माहिती भरायची होती. कायमचा पत्ता? नानांनी आमच्या सोसायटीचा सांगितला. मुलगा म्हणाला, “काका, ती बिल्डिंग तर पडणार ना? मूळ गावचा पत्ता आहे का एखादा?”

नाना माझ्याकडे बघायला लागले. मी खोक्यावरची सुतळी सोडवून पुन्हा बांधली. मग त्यांनी हळूहळू, एकेक अक्षर मोकळं करत, गुहागर तालुक्यातल्या त्या वाडीचं नाव सांगितलं, जिथे ते शेवटचे मुंजीला गेले होते. “पिन कोड?” नानांना माहीत नव्हता. मुलानं मोबाइलवर शोधून काढला.

भाड्याच्या घासाघिशीत मात्र नाना सावरले. दर अकरा महिन्यांनी दहा टक्के वाढ, असं कलम वाचताच त्यांचा आवाज चढला. “दहा? कुठल्या हिशेबानं दहा? सामान्य माणसानं...” फोनवरून मालक अगदी नम्रपणे म्हणाला, “काका, मार्केट रेट आहे. पैसे तर बिल्डरच देतोय ना?” नाना म्हणाले, “बिल्डर झाला म्हणून काय झालं? तत्त्वाचा प्रश्न आहे.” आठवर तोडगा निघाला. त्या दिवशी नानांच्या चेहऱ्यावर मी त्यांच्या वडिलांना पाहिलं, असं म्हणायला हरकत नाही.

आता आम्ही पांगलोय. मी वारज्याला, नाना डहाणूकरमध्ये. चेतक त्यांनी टेम्पोतून नेली. परवा रात्री त्यांचा फोन आला. बिल्डरच्या ऑफिसात जाऊन बसले होते, वरच्या मजल्यांवर कुणी कुणी बुकिंग केलंय त्याची सगळी यादी डोळ्यांखालून घालून आले.

“सातव्यावर इंदूरचे. मी म्हटलं नव्हतं? आठव्यावर नागपूर. नवव्यावर दोन्ही फ्लॅट एकाच माणसानं घेतलेत, गुंतवणूक म्हणून. राहणार नाही, भाड्यानं देणार. कसली माणसं असतात बघ! आणि दहाव्यावर कोण, सांग. अरे, आपल्या तात्यांचा नातू!”

“अरे वा!” मी म्हटलं. “म्हणजे आजोबांच्या ज्वारीत परत आला की!”

“हो, ते ठीक आहे,” नाना म्हणाले. “चांगली माणसं आहेत, माझा वैयक्तिक काही विरोध नाही. पण सोसायटीत नवीनच ना रे ते? दोन गाड्या आहेत म्हणे त्यांच्याकडे. पार्किंगचं आधीच सांगून ठेवलेलं बरं.”